डोळे उघडे ठेवणारा मुसाफिर : इब्न जुबैर (र.अ.)

वाचकहो, अल्लाहच्या मेहरबानीने आज आपल्यापैकी अनेकांना प्रवास सुलभ झाला आहे. उमराहून परतताना कुणी कैरोला थांबतो, पिरॅमिडसमोर उभा राहून छायाचित्र काढतो आणि तासाभरात पुढच्या स्थळाकडे वळतो. त्यात गैर काही नाही. पृथ्वीवर फिरून गतकाळच्या लोकांचा शेवट कसा झाला ते पाहावे, असे पवित्र कुरआनने माणसाला वारंवार सांगितले आहे. परंतु पाहणे म्हणजे काय, हे ज्यांच्याकडून शिकावे अशा एका मुसाफिराची ओळख आज आपल्याला करून द्यावयाची आहे.

अबुल हुसैन मुहम्मद इब्न जुबैर यांचा जन्म हिजरी ५४० मध्ये, म्हणजे इ.स. ११४५ साली, अंदलूसमधील बलन्सिया येथे झाला. स्पेनमधील आजचे व्हॅलेन्सिया ते हेच. वडील सरकारी अधिकारी होते. मुलाने कुरआन, हदीस आणि अरबी साहित्य यांचे उत्तम शिक्षण घेतले आणि पुढे गर्नाता (ग्रॅनडा) येथील मुवह्हिद राज्यपालाच्या दरबारात चिटणीस म्हणून नोकरी धरली. येथपर्यंतचे आयुष्य त्या काळच्या कोणत्याही बुद्धिमान लेखनिकासारखेच होते.

पुढची हकिकत त्यांच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. ती नंतरच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. एके दिवशी राज्यपालाने पत्र लिहून घेण्यासाठी त्यांना बोलावले. तो स्वतः मद्य पीत बसला होता. त्याने प्याला पुढे केला. इब्न जुबैर यांनी नकार दिला, तेव्हा राज्यपालाने शपथ घालून सात प्याले प्यायला लावले. सत्तेपुढे मान तुकली. नंतर त्या राज्यपालालाच पश्चात्ताप झाला आणि त्याने तोच प्याला सात वेळा सोन्याच्या दिनारांनी भरून त्यांच्या पदरात ओतला. इब्न जुबैर यांनी त्या धनातून ना घर बांधले, ना जमीन घेतली. झालेल्या गुन्ह्याची तौबा म्हणून ते हजला निघाले.

इ.स. ११८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी गर्नाता सोडले. सोबतीला एक वैद्य मित्र होता. सब्ता (सेउटा) बंदरात जिनोआच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांचे जहाज मिळाले. वादळाने जीव मुठीत धरायला लावला. परंतु तीस दिवसांनी जहाज अलेक्झांड्रियाला लागले.

लागताच काय झाले ते ऐका. जकातीचे अधिकारी जहाजावर चढले, प्रत्येकाचे नाव आणि माल लिहून घेतला आणि प्रवाशांना झडतीसाठी रांगेत उभे केले. यात्रेकरूंच्या कमरपट्ट्यांत हात घातले गेले, शपथा घ्यायला लावल्या गेल्या. संपत्तीवर वर्ष उलटले की नाही हे न विचारताच जकात वसूल केली गेली. येथे इब्न जुबैर यांचा स्वभाव दिसतो. सुलतान सलाहुद्दीन यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता आणि तो ग्रंथभर व्यक्त झाला आहे. तरीही हा अन्याय त्यांनी झाकला नाही. सुलतानाला हे ठाऊक नसावे, ठाऊक असते तर त्याने बंद केले असते, अशी त्यांची भावना होती. त्याच शहरात परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदरसे, आजाऱ्यांसाठी दवाखाना आणि परमुलखातील गरीब मुसाफिरांना रोजच्या भाकरीची सोय सुलतानानेच केली होती, तेही त्यांनी तितक्याच मनापासून लिहिले.

आणि मग तो दीपस्तंभ! सत्तर मैलांहून अधिक अंतरावरून खलाशांना दिसणारी ही प्राचीन इमारत पाहून ते थक्क झाले. परंतु थक्क होऊन थांबले नाहीत. त्यांनी चारपैकी एक बाजू स्वतः मोजली. दोन्ही हात पसरल्यावर जेवढे अंतर होते, तशी पन्नासांहून थोडी अधिक मापे भरली. आतल्या जिन्यांनी ते माथ्यावर चढले. तेथे एक मशीद होती. तेथे त्यांनी नमाज अदा केली. चौदाव्या शतकातील भूकंपांनी तो दीपस्तंभ पार ढासळला आणि त्या जागी आज कायतबाय सुलतानाचा किल्ला उभा आहे. म्हणजे आपण आज अलेक्झांड्रियाला गेलो तरी जे पाहू शकत नाही, ते पाहण्यासाठी इब्न जुबैर यांचेच डोळे उसने घ्यावे लागतात.

कैरोजवळचे पिरॅमिड त्यांनी पाहिले, स्फिंक्सचे भव्य मस्तक पाहिले. एवढे प्रचंड दगड इतक्या नेमकेपणाने एकमेकांवर बसविलेले पाहून ते चकित झाले. हे कोणी बांधले, याबद्दल लोक नाना गोष्टी सांगत; कुणी आदच्या कबरी म्हणत. त्यांनी त्या गोष्टी नोंदविल्या आणि खरे काय ते अल्लाहच जाणे, असा निर्वाळा देऊन ते पुढे गेले. माहीत नाही तेथे माहीत असल्याचा आव आणू नये, हा संयम आजच्या वाटाड्यांकडे क्वचित आढळतो.

नाईल नदीतून कूसपर्यंत आणि तेथून वाळवंटातून उंटावर ते तांबड्या समुद्रावरील ऐजाब बंदरात पोहोचले. या वाटेवर त्यांना आपल्या देशाची खूण भेटली. हिंदुस्थानातून येमेनमार्गे आलेला माल घेऊन तांड्यांमागून तांडे चालले होते. त्यांनी ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मिरीचे गठ्ठे इतके, की तिची किंमत मातीएवढीच असावी असे वाटावे. थकलेले उंट टाकून गेलेली ओझी वाटेच्या कडेला राखणीशिवाय पडून असत आणि कुणी त्यांना हात लावत नसे. ऐजाबची जहाजेही हिंदुस्थान आणि येमेनमधून आणलेल्या लाकडाची होती. लोखंडी खिळा नाही, सगळे काथ्याच्या दोरीने शिवलेले. मात्र त्यांचे मालक यात्रेकरूंना खुराड्यातील कोंबड्यांसारखे कोंबत. एका फेरीत जहाजाची किंमत वसूल व्हावी एवढीच त्यांची फिकीर. माणसांचे काय ते अल्लाहवर.

मक्केत ते आठ महिन्यांहून अधिक काळ राहिले आणि हजचा फर्ज अदा केला. त्यानंतर मदिना, कूफा आणि बगदाद. बगदादच्या लोकांचा गर्विष्ठपणा त्यांना रुचला नाही, पण इमाम इब्नुल जौझी (र.अ.) यांच्या प्रवचनाने तेथे माणसे कशी ढसाढसा रडत, याचे त्यांनी केलेले वर्णन कोणत्याही खतीबाने एकदा तरी वाचावे. दमिश्कमध्ये उमय्या मशिदीच्या दाराशी असलेल्या पाण्याच्या घड्याळाने त्यांना खिळवून ठेवले. पितळेचे दोन ससाणे तास भरला की चोचीतून पितळी गोळ्या दोन पात्रांत टाकीत आणि त्या तासाचे दार आपोआप बंद होई.

तेथून ते क्रुसेडरांच्या ताब्यातील मुलखात शिरले. तिबनीन आणि अक्का यांच्या दरम्यान त्यांनी जे पाहिले, ते लिहिताना त्यांना यातना झाल्या असाव्यात. फ्रँक राजवटीखालचा मुसलमान शेतकरी ठरलेला कर भरून निश्चिंत होता, तर शेजारच्या मुस्लिम जमीनदारांचा रयतेवर जुलूम होता. शत्रूच्या न्यायाचे श्रेय त्यांनी शत्रूला दिले.

अक्क्याहून परतीचे जहाज धरले ते इ.स. ११८४ च्या शरद ऋतूत. रमजानचा महिना नुकताच लागला असताना सिसिलीच्या मसीना बंदराजवळ जहाज किनाऱ्यावर आदळून फुटले. नावाडी माणसे उतरवायला पैसे मागू लागले. गरीब मुसलमानांजवळ काहीच नव्हते. तेव्हा ख्रिस्ती राजा विल्यम दुसरा स्वतः पाहायला आला आणि त्याने आपल्या खजिन्यातून शंभर नाणी देऊन त्यांना उतरवून घेतले. हा राजा अरबी लिहू-वाचू शकत असे.

सिसिलीचे सौंदर्य इब्न जुबैर यांनी हातचे न राखता वर्णिले आहे. उन्हाळ्यातही बर्फाने मढलेला, ढगांत शिरलेला एटना पर्वत. समुद्रातून वर आलेली आणि रात्री लाल ज्वाळा फेकणारी बेटे. आतल्या वाऱ्याच्या जोराने दगड आकाशात कसे उडतात, याचाही त्यांनी विचार केला. पलेर्मोतील एका चर्चच्या सोनेरी भिंती आणि रंगीत काचांतून येणारा प्रकाश पाहून मन मोहात पडेल की काय, अशी भीती त्यांना वाटली आणि त्यांनी अल्लाहची पनाह मागितली. सौंदर्य नाकारले नाही, स्वतःवरही फाजील विश्वास ठेवला नाही.

पण त्या सुंदर बेटावर मुसलमान कसे जगत होते? पलेर्मोत मशिदी होत्या, अजान होती, काझी होता. जुम्म्याचा खुतबा मात्र बंद होता. त्रापानी शहरात त्यांनी ईद साजरी केली. लोक ढोल वाजवीत ईदगाहकडे गेले. त्याच शहरात त्यांना आणखी एक गोष्ट कळली. घरात बापाने मुलाला किंवा नवऱ्याने बायकोला रागाने बोलले, तर दुखावलेले माणूस तडक चर्चमध्ये जाई आणि तेथून परत येण्याची वाट उरत नसे. म्हणून आईबाप मुलांशी भीत भीत बोलत. एका प्रतिष्ठित गृहस्थाने आपल्या मुलाला यात्रेकरूंकडे पाठविले. घरात एक मुलगी होती, अजून लग्नाच्या वयाचीही नव्हती. कुणीतरी तिला पत्नी म्हणून स्वीकारावे किंवा योग्य स्थळी द्यावे, पण आपल्याबरोबर मुस्लिम मुलखात घेऊन जावे, अशी त्याची विनंती होती. पुन्हा भेट होईल याची आशा नसताना बाप लेकीला निरोप द्यायला तयार होता आणि मुलगीही जायला राजी होती. वाचकहो, मी हे पान अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी येथे थांबलो आहे. राजा विल्यमच्या मृत्यूनंतर पलेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले, ते डोंगरांत पळाले. पुढे सम्राट फ्रेडरिक दुसरा याने त्यांना इटलीतील लुचेरा येथे नेऊन वसविले आणि इ.स. १३०० मध्ये ती वसतीही मोडली गेली.

इ.स. ११८५ च्या एप्रिलमध्ये इब्न जुबैर गर्नात्याला पोहोचले. सुलतान सलाहुद्दीन यांनी बैतुल मुकद्दस परत मिळविल्याची वार्ता आल्यावर ते पुन्हा पूर्वेकडे गेले आणि दोन वर्षांनी परतले. मग बरीच वर्षे अध्यापनात गेली. पत्नी आतिका यांच्या निधनाने ते खचले. तिच्या विरहात त्यांनी शोककाव्ये लिहिली. त्यानंतर वयाची सत्तरी गाठलेल्या या माणसाने तिसऱ्यांदा सामान बांधले, मक्केची जियारत केली, बैतुल मुकद्दस पाहिले आणि ते अलेक्झांड्रियाला येऊन राहिले. तेथे ते शिष्यांना हदीस शिकवीत असत. हिजरी ६१४ मध्ये, इ.स. १२१७ च्या नोव्हेंबरात, त्याच शहरात त्यांचे निधन झाले. दीपस्तंभ तेव्हा उभा होता.