हार पत्करणारा कर्णधार

विल्यम वुडफुल यांचा जन्म १८९७ साली ऑस्ट्रेलियातील माल्डन ह्या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. पेशाने ते गणिताचे शिक्षक होते. १९३० साली देशाच्या क्रिकेट-संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडला त्याच्याच भूमीवर नमविले.

१९३२-३३ च्या हंगामात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात आला. ब्रॅडमन यांच्या धावांना आळा घालण्यासाठी कर्णधार जार्डिन यांनी एक निष्ठुर डाव योजिला. त्यांचे वेगवान गोलंदाज फलंदाजाच्या अंगावर उसळते चेंडू टाकू लागले. ॲडलेडच्या सामन्यात लारवुड यांचा चेंडू वुडफुल यांच्या छातीवर, हृदयापाशी आदळला. ते कळवळले, परंतु खेळत राहिले. पुढे ओल्डफील्ड यांच्या कवटीस तडा गेला. प्रेक्षक खवळले. जशास तसे उत्तर द्यावे, असे अनेकांना वाटत होते. परंतु खेळाला कलंक लावणारे साधन वुडफुल यांनी हाती धरले नाही. ती मालिका ऑस्ट्रेलियाने चार सामने गमावून हरली.

१९३४ साली मात्र वुडफुल यांच्या संघाने इंग्लंडमध्ये जाऊन सरळ खेळाने गेलेले यश परत मिळविले. पुढे मेलबर्नच्या एका नामांकित शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. १९६५ साली त्यांचे देहावसान झाले.

आज व्यावसायिक खेळात विजयाचे मोल पैशांत होते आणि खिलाडूवृत्ती मागे पडते. अशा वेळी, अन्यायाने जिंकण्यापेक्षा न्यायाने हरणे पत्करणाऱ्या ह्या शिक्षकाचे चरित्र मननीय ठरते.