इंजिन बदलायचं की नाही? – कॉलिन चॅपमनची गोष्ट

वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये आम्ही चौघांनी बांधलेली दोन सीटची लाल गाडी तुम्ही पाहिली असेलच. (पाहिली नसेल, तर तिचा आवाज तरी नक्की ऐकला असेल!) तिच्यात भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन आहे. दिवाळीनंतर एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन स्वस्तात मिळत होतं आणि आमच्यात भांडण जुंपलं. दोघे म्हणाले, घेऊन टाकू. तिसरा म्हणाला, पैसे झाडाला लागतात का? चौथा मी. माझं मत काही ठरेना. सबमिशनचं टेन्शन विसरायला म्हणून लोटस गाड्यांचा जनक कॉलिन चॅपमन याच्याबद्दल वाचायला घेतलं, आणि त्यातच गुंतत गेलो.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, इंग्लंडमधल्या रिचमंडचा. वडील हॉटेल चालवायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला. म्हणजे हा आपल्या सिव्हिलवाल्यांचा भाऊबंद, मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी! कॉलेजात असताना जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आणि विमान चालवायचा नाद, मग अभ्यास कधी करणार? १९४८ साली गणिताच्या पेपरात स्वारी गचकली. पुन्हा बसून १९४९ साली डिग्री मिळवली. आपल्या भाषेत सांगायचं तर एम-थ्रीची केटी!

पण त्याच १९४८ साली त्याने आपली पहिली गाडी बांधली. मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागे एक छोटं गॅरेज होतं. तिथे एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन त्याने तिची बॉडी उतरवली आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटवलेल्या प्लायवूडची नवी हलकी बॉडी चढवली. दिवसा नोकरी आणि रात्री गॅरेज असं पुढे काही वर्षं चाललं. नोकरीही कुठे, तर अ‍ॅल्युमिनियमच्या कंपनीत!

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. चॅपमनने इंजिन बदललं का? बदललं. दुसऱ्या गाडीत त्याने फोर्डचं मोठं इंजिन घातलं. पण तो गाजला तिसऱ्या गाडीने. १९५१ च्या त्या शर्यतींचा नियमच असा, की इंजिन ऑस्टिन सेव्हनचंच पाहिजे, साधारण ७५० सीसीचं. म्हणजे मोठ्या इंजिनाचा रस्ता बंद. या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत जायला वाटा दोनच. त्यामुळे जोडीतले सिलिंडर एकमेकांच्या तोंडचा घास पळवायचे. चॅपमनने या वाटांमध्ये पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वाट करून दिली. इंजिन तेच, ताकद जास्त! गाडी इतकी पळाली की शेवटी नियम बदलून ही युक्तीच बंद करावी लागली.

१९५२ साली हेझलकडून २५ पौंड उसने घेऊन त्याने लोटस कंपनी सुरू केली. (पुढे १९५४ मध्ये दोघांचं लग्न झालं.) मार्क सिक्स ही गाडी तो सुट्या भागांत विकायचा. गिऱ्हाईकाने ती घरी जोडायची आणि इंजिन आपल्या ऐपतीप्रमाणे घालायचं. तिची बारीक नळ्यांची चौकट फक्त २५ किलोची होती! आपल्या मेसमधला गव्हाचा अर्धा कट्टा समजा. इथे त्याचं स्ट्रक्चर्सचं शिक्षण कामी आलं. पुलाच्या ट्रसमध्ये जसे त्रिकोण, तसेच गाडीत. प्रत्येक नळीवर फक्त ताण किंवा दाब येईल असं बघायचं, आणि जी नळी काम करत नाही ती काढून टाकायची.

हे वाचून आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. ५२० किलो! आमच्याही पोटात जरा गोळाच आला. इंजिन बदललं तर वजन आणखी वाढणार, मग मोठा रेडिएटर, मजबूत गिअरबॉक्स, जाड चौकट... मारुतीच्या शेपटीसारखं वाढतच जाणार! शिवाय ताकद वाढल्याचा फायदा वेग घेताना मिळतो, वजन कमी केल्याचा फायदा वेग घेताना, वळताना आणि थांबताना, सगळीकडे मिळतो.

झालं, मी चॅपमनचा भक्त झालो. दुसऱ्याच दिवशी ड्रिल घेऊन सस्पेन्शनच्या आर्मला भोकं पाडायला बसलो. वर्कशॉपच्या मामांनी येऊन हातातलं ड्रिल काढून घेतलं. म्हणाले, पोरा, आधी हिशोब दाखव, मग भोक पाड. मला राग आला. रूमवर जाऊन पुढचं वाचलं, आणि राग उतरला.

पुढची गोष्ट आधी वैभवाची आहे. १९६२ साली चॅपमनने फॉर्म्युला वनमध्ये नळ्यांची चौकट काढून मोनोकॉक आणला. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ साली त्याच्या गाडीतून विश्वविजेता झाला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर इंजिन हाच चौकटीचा भाग झाला, मागचं सस्पेन्शन थेट त्यावर बसवलं. नवं इंजिन आणि गाडी एकमेकांसाठीच बनवलेली, त्यामुळे पहिल्याच शर्यतीत विजय. एकूण सात वेळा लोटस कंपनी विश्वविजेती ठरली.

पण हलकेपणाचं देणंही फेडावं लागलं. १९६९ साली स्पेनमधल्या शर्यतीत पंख तुटून योखेन रिंट याचा अपघात झाला. त्याने चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल स्पष्ट तक्रार केली. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाला सरावात ब्रेक लावताना रिंटची गाडी कठड्यावर आदळली आणि तो गेला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं तपासात समोर आलं. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्यालाच मिळालं, पण घ्यायला तो नव्हता.

चॅपमन त्यानंतरही थांबला नाही. गाडीच्या खालून जाणाऱ्या हवेने तिला रस्त्याशी चिकटवून ठेवायचं तंत्र त्याने आणलं आणि १९७८ साल गाजवलं. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. जाताना डिलोरियन मोटर कंपनीच्या पैशांच्या अफरातफरीचा डागही नावाला लागला होता. माणूस मोठा, पण देव नव्हे.

आमचा निर्णय असा झाला. वेग ताशी ८० वरून ११० वर गेला, तर थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि आमचे ब्रेक आहेत ८० पुरतेच. म्हणून या वर्षी इंजिन बदललं नाही. एस्टीमचं इंजिन दुसऱ्या कुणीतरी नेलं, थोडं वाईट वाटलं. आम्ही जाड पत्रा, जुन्या सीट आणि बिनकामाच्या पट्ट्या काढून ४५ किलो उतरवले, आणि उरलेले पैसे ब्रेकवर घातले. सस्पेन्शनला हात लावला नाही. मोठं इंजिन पुढच्या बॅचने घालावं, जरूर घालावं. फक्त आधी चौकट तपासा, मग ब्रेक, मग इंजिन. आणि हो, ड्रिल मामांकडेच आहे. हिशोब दाखवल्याशिवाय मिळत नाही!