ॲन कॅरोल मूर

ॲन कॅरोल मूर (१२ जुलै, १८७१:लिमरिक, मेन, अमेरिका - २० जानेवारी, १९६१:न्यू यॉर्क, अमेरिका) या अमेरिकन ग्रंथपाल, लेखिका आणि बालसाहित्याच्या समीक्षक होत्या. १९०६ ते १९४१ या काळात त्या न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख होत्या. मुलांसाठी प्रसिद्ध होणाऱ्या नव्या पुस्तकांचे नियमित व गंभीर परीक्षण वृत्तपत्रे आणि नियतकालिकांतून करण्याची प्रथा अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र त्यांनी नापसंत केलेली काही पुस्तके पुढे अत्यंत लोकप्रिय ठरली. त्यामुळे मुलांनी काय वाचावे हे कोणी ठरवायचे, या वादात त्यांचे नाव आजही घेतले जाते.

सुरुवातीचे जीवन

मूर यांचा जन्म मेन राज्यातील लिमरिक या लहानशा गावी झाला. सात थोरल्या भावांच्या पाठची ही एकुलती हयात मुलगी होती. वडील ल्यूथर सॅनबॉर्न मूर हे वकील होते. त्यांच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास करून आपणही वकिली करावी, अशी मूर यांची इच्छा होती. लिमरिक अकादमीत आणि नंतर मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. १८९२ मध्ये फ्लूच्या साथीत आई आणि वडील दोघेही दगावले आणि वकिलीचा विचार मागे पडला. पुढे एका भावजयीचे बाळंतपणात निधन झाल्यावर त्यांनी भावाच्या मुलांचा सांभाळ केला. ग्रंथपालनाचा तेव्हा नवा असलेला व्यवसाय भावाने सुचवल्यावर त्यांनी १८९५ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधील ग्रंथालय विद्यालयात प्रवेश घेतला.

प्रॅट इन्स्टिट्यूट

शिक्षण पूर्ण होताच १८९६ मध्ये प्रॅटच्या ग्रंथालयातील मुलांचा कक्ष मूर यांच्याकडे सोपवण्यात आला. त्या काळी अनेक अमेरिकन ग्रंथालयांत लहान मुलांना प्रवेश नसे. मुले पुस्तके मळवतात आणि गोंगाट करतात, असा समज होता. मूर यांनी मुलांच्या उंचीला साजेशी मेजे व खुर्च्या, उघडी कपाटे, चित्रांची प्रदर्शने आणि कथाकथनाचे तास यांवर भर दिला. इंग्लंडहून आलेल्या कथाकथनकार मेरी शेडलॉक यांचा प्रभाव त्यांच्या कामावर पडला. १९०० मध्ये माँट्रियल येथे भरलेल्या अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या परिषदेत बालग्रंथपालांचे मंडळ स्थापन झाले आणि मूर त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालय

१९०६ मध्ये त्या न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या. शहरभर पसरलेल्या शाखांमधील मुलांच्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर होती. १९११ मध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावरील मुख्य इमारत खुली झाली, तेव्हा तेथील मध्यवर्ती बालकक्षाची उभारणी त्यांच्या कल्पनेप्रमाणे झाली. पुस्तक घरी नेऊ इच्छिणारे मूल नोंदवहीत सही करून पुस्तकाची काळजी घेण्याचे वचन देई. मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ही पद्धत त्यांच्या कामाची खूण बनली.

आपल्या सहकाऱ्यांना त्यांनी चार गोष्टींचा आदर राखण्याची शिकवण दिली : मुलांचा, मुलांच्या पुस्तकांचा, सहकाऱ्यांचा आणि बालग्रंथपाल या व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा. किशोरवयीन वाचकांसाठी स्वतंत्र काम हवे हे ओळखून त्यांनी मेबल विल्यम्स यांना ग्रंथालयात आणले. विल्यम्स यांच्या पुढाकाराने पुढे तेथे किशोरांसाठीची स्वतंत्र सेवा आणि निवडक पुस्तकांच्या याद्या सुरू झाल्या.

पुस्तकांचे परीक्षण

१९१८ मध्ये ‘द बुकमन’ या मासिकात मूर मुलांच्या पुस्तकांवर नियमित लिहू लागल्या. तोपर्यंत अशा पुस्तकांची दखल बहुधा नाताळच्या सुमारास, भेटवस्तूंच्या यादीसारखी घेतली जात असे. मूर यांनी मुलांच्या कादंबरीलाही प्रौढांच्या कादंबरीप्रमाणेच भाषा, रचना आणि कल्पकता या कसोट्या लावल्या. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी ‘न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये ‘द थ्री आउल्स’ हे सदर चालवले. शीर्षकातील तीन घुबडे ही लेखक, चित्रकार आणि समीक्षक यांची प्रतीके होती. हेच नाव पुढे ‘द हॉर्न बुक’ या नियतकालिकातील त्यांच्या लेखनासाठीही वापरले गेले. ते लेखन १९३६ पासून जवळजवळ त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले.

त्यांच्या मताला बाजारातही वजन होते. ग्रंथालये ही मुलांच्या पुस्तकांची मोठी ग्राहक होती आणि न्यू यॉर्कची यादी पाहून देशभरातील ग्रंथपाल खरेदी करीत. त्यामुळे प्रकाशक छपाईपूर्वीच नव्या पुस्तकाची मुद्रिते घेऊन त्यांच्याकडे येत. ज्या पुस्तकाची खरेदी करू नये असे त्यांना वाटे, त्यासाठी त्यांच्या मेजावर तशा मजकुराचा रबरी शिक्का असे, असे सांगितले जाते.

लोककथा, परीकथा, कविता आणि उत्तम चित्रे यांकडे त्यांचा ओढा होता. इंग्लंडच्या बीट्रिक्स पॉटर यांच्या पुस्तकांच्या त्या चाहत्या होत्या. १९२१ मध्ये त्यांनी पॉटर यांची भेट घेतली आणि तो स्नेह पुढे टिकून राहिला. उपदेशाने भरलेल्या गोष्टी आणि एकाच साच्यातून निघणारी मालिका-पुस्तके त्यांना रुचत नसत. मुलांना त्यांच्या रोजच्या परिसरातीलच गोष्टी सांगाव्यात, असे ल्यूसी स्प्रेग मिचेल यांच्या १९२१ मधील कथासंग्रहात मांडलेले मत होते. तेही मूर यांना पटले नाही.

‘स्टुअर्ट लिटल’चा वाद

१९३८ मध्ये ई. बी. व्हाइट यांनी मुलांच्या नव्या पुस्तकांविषयी एक लेख लिहिला. तो वाचून मूर यांनी व्हाइट यांना पत्रे पाठवली आणि मुलांसाठी पुस्तक लिहिण्याचा आग्रह धरला. १९४५ मध्ये त्या पुस्तकाची मुद्रिते त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांची निराशा झाली. न्यू यॉर्कमधील एका माणसांच्या कुटुंबात उंदरासारखा मुलगा जन्मतो, ही कल्पनाच त्यांना खटकली. वास्तव आणि अद्भुत यांची सरमिसळ झाली आहे आणि कथेला समाधानकारक शेवट नाही, असे त्यांचे मत पडले. पुस्तक प्रसिद्ध करू नये, अन्यथा लेखकाच्या नावाला बाधा येईल, असे त्यांनी व्हाइट दांपत्याला प्रदीर्घ पत्राने कळवले. व्हाइट आणि हार्पर प्रकाशनाच्या संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी हा सल्ला मानला नाही. पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि मुलांनी ते उचलून धरले. १९५२ मधील ‘शार्लट्स वेब’ या व्हाइट यांच्या कादंबरीतही फर्न या मुलीचे पात्र पुरेसे फुललेले नाही, असा दोष मूर यांनी दाखवला. त्या कादंबरीला पुढील वर्षी न्यूबेरी सन्मान मिळाला.

मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ हे पुस्तक १९४७ मध्ये आले, तेव्हा मूर निवृत्त झाल्या होत्या. तरीही त्यांनी घालून दिलेल्या निकषांचा पगडा ग्रंथालयावर कायम होता. पुस्तक अतिभावुक ठरवून ग्रंथालयाने ते विकत घेतले नाही आणि १९७२ पर्यंत ते तेथील कपाटात आले नाही. ग्रंथालयाने २०२० मध्ये आपल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा या जुन्या निर्णयामुळे ‘गुडनाइट मून’ पहिल्या दहांत येऊ शकले नाही. त्याचा यादीबाहेर खास उल्लेख करण्यात आला.

लेखन

मूर यांनी स्वतः मुलांसाठी लिहिलेली ‘निकोलस : अ मॅनहॅटन ख्रिसमस स्टोरी’ ही कथा १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२५ च्या न्यूबेरी पदकासाठी झालेल्या निवडीत ती उपविजेत्या पुस्तकांपैकी एक होती. कथेचा नायक निकोलस हा त्यांच्याजवळील लाकडी बाहुला असून त्या तो ग्रंथालयात आणि प्रवासातही सोबत बाळगत. ‘रोड्स टू चाइल्डहुड’ (१९२०), ‘न्यू रोड्स टू चाइल्डहुड’ (१९२३) आणि ‘क्रॉस-रोड्स टू चाइल्डहुड’ (१९२६) हे त्यांचे समीक्षालेखांचे संग्रह आहेत.

उत्तरायुष्य आणि मूल्यमापन

१९४१ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि फ्रान्सिस क्लार्क सेयर्स त्यांच्या जागी आल्या. निवृत्तीनंतरही मूर विभागाच्या बैठकांना उपस्थित राहत आणि त्याचा जाच उत्तराधिकाऱ्यांना होत असे. असे असूनही १९७२ मध्ये मूर यांचे चरित्र सेयर्स यांनीच लिहिले. १९६० मध्ये मूर यांना कॅथलिक ग्रंथालय संघटनेचे रेजिना पदक मिळाले. पुढील वर्षी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुलांच्या पुस्तकाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची सवय अमेरिकेत रुजली, त्यात मूर यांचा मोठा वाटा मानला जातो. टीकाकारांच्या मते मात्र एका व्यक्तीच्या अभिरुचीला इतके अधिकार मिळाल्यामुळे नव्या प्रयोगांची वाट अडली. ज्या कादंबरीला त्यांनी सर्वाधिक विरोध केला, ती त्यांच्याच आग्रहाला प्रतिसाद देऊन पूर्ण झाली होती आणि ज्या ग्रंथालयांतून ती मुलांपर्यंत पोहोचली, तेथील बालकक्ष उभे राहण्यामागेही त्यांचेच काम होते.