निकोलाय सेम्योनोव्ह (१८९६–१९८६)

प्राणवायूचा दाब ठराविक मर्यादेखाली गेला की फॉस्फरसची वाफ उजळतच नाही, असे लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेत १९२६ च्या सुमारास आढळले. ख्यातनाम जर्मन रसायनज्ञ बोडेनस्टाइन यांनी हा प्रयोगच सदोष ठरविला. प्रयोगशाळेचे प्रमुख सेम्योनोव्ह खचले नाहीत. तो पुन्हा करून त्यांनी अखेर बोडेनस्टाइन यांचीही मान्यता मिळविली. १९२८ साली त्यांनी औष्णिक स्फोटाची मीमांसा केली. अभिक्रियेतून उपजणारी उष्णता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, भिंतीवाटे जाणारी मात्र सरळ रेषेत. दोन्ही तुल्यबळ होतात तेथे समतोल. याच रीतीने पुढे अभियंत्यांना उमगले, की अखंड वाहत्या रासायनिक पात्रात तोच कच्चा माल त्याच गतीने सोडूनही तीन अवस्था संभवतात: विझल्यासारखी, धगधगती आणि जराशा धक्क्याने ढळणारी मधली. १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल सेम्योनोव्ह यांना हिन्शेलवूड यांच्यासमवेत मिळाले; सोव्हिएत नागरिकास मिळालेले ते पहिलेच.