डॉ. कोटणीस आणि मिरगीचे झटके

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले, त्यात ते होते. बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले, कोटणीस मात्र तिथेच राहिले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला.

याच काळात त्यांना मिरगीचे झटके येत होते, तरी काम थांबले नाही. अखेर एकामागून एक झटके आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. असे झटके तातडीने थांबवणारे डायझेपामसारखे औषध तेव्हा निघालेच नव्हते.

आज ते नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांत मिळते. प्रश्न असतो तो रुग्ण तिथे पोहोचेपर्यंतच्या मिनिटांचा. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, वेळ मात्र जातो. दातांत चमचा घातल्यास दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा.

झटका थांबला, रुग्ण हाकेला ओ देत नाही, पण श्वास नीट चालू आहे, तर त्याला कुशीवर वळवा. उताणे ठेवल्यास जीभ मागे पडते, फेस किंवा उलटी श्वासनलिकेत जाते. श्वासावर लक्ष ठेवा.

झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, शुद्ध येण्याआधी दुसरा आला किंवा पहिल्यांदाच आला, तर १०८ ला फोन करा. श्वास थांबला किंवा रुग्ण नुसता आचके देत असेल, तर फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

मिरगी असूनही कोटणीस यांनी शेकडो जखमींवर उपचार केले. नियमित गोळ्या घेणारे बहुतेक रुग्ण आज शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. झटका लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.