ज्ञानदानंदिनी देवी : बंगाली स्त्रीच्या नव्या वेशाच्या प्रवर्तक

एकोणिसाव्या शतकात बंगालमधील कुलीन स्त्रिया अंतःपुरातच राहत. पोलके व परकर न घालता त्या एकच साडी अंगाभोवती गुंडाळीत. त्या वेशात चारचौघांत वावरणे अशक्य होते. ही अडचण दूर करण्याचे श्रेय ज्ञानदानंदिनी देवी यांना दिले जाते.

त्यांचा जन्म १८५० मध्ये जेसोर जिल्ह्यातील नरेंद्रपूर येथे झाला. बालवयातच त्यांचा विवाह रवींद्रनाथ टागोर यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याशी झाला. सत्येंद्रनाथ १८६३ मध्ये सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाल्याने १८६४ मध्ये ज्ञानदानंदिनी मुंबईस आल्या. प्रवासासाठी फ्रेंच दुकानातून शिवून घेतलेला पोशाख त्यांना अत्यंत गैरसोयीचा वाटला.

मुंबईत माणेकजी कर्सेटजी यांच्या पारशी कुटुंबात राहताना त्यांनी तेथील स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि तीत बदल केला. उजवा हात मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेतला. जोडीला पोलके व परकर आले. ही पद्धत इतर स्त्रियांना शिकविण्याची तयारी त्यांनी जाहिरातीद्वारे दर्शविली. ब्राह्मो समाजातील स्त्रियांमध्ये रुजल्याने ती ‘ब्राह्मिका साडी’ म्हणून ओळखली गेली.

१८७७ मध्ये पती सोबत नसतानाही त्या मुलांना घेऊन इंग्लंडला गेल्या. १८८५ मध्ये त्यांनी ‘बालक’ हे मासिक सुरू केले. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेला वेश केवळ शोभेचा नव्हता; त्यामुळे स्त्रियांना संकोच सोडून उंबरठा ओलांडता आला.