म. म. वा. वि. मिराशी : वऱ्हाडातील ताम्रपट, विद्वत्परिषदा आणि मराठी ग्रंथ

भारतीय इतिहास परिषदेचे तिसरे अधिवेशन १९३९ मध्ये कलकत्त्यास भरले. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी डॉ. महाजन यांनी एका ताम्रपटाविषयीचा निबंध त्या अधिवेशनासाठी सिद्ध केला होता. ताम्रपट त्याच वर्षी वाशीम येथे, म्हणजे तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, उजेडात आला होता. वाकाटकवंशीय दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्यवर्ष ३७ मध्ये वत्सगुल्म येथून दिलेले हे दानपत्र चार पत्र्यांवर कोरलेले आहे. त्यातील वंशावळ संस्कृतात असून दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. देशपांडे-महाजन यांच्या प्रथम वाचनानंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील संस्कृतच्या प्राध्यापकांनी डॉ. महाजन यांच्या सहकार्याने हा ताम्रपट 'एपिग्राफिया इंडिका'त सव्विसाव्या खंडात पुन्हा संपादित केला. हे प्राध्यापक म्हणजे वासुदेव विष्णु मिराशी. मिराशींना पुढील आयुष्यात जे मान, पदव्या आणि अध्यक्षपदे लाभली त्यांची यादी चरित्रकोशांतून सहज मिळते. त्या सर्वांच्या मुळाशी वऱ्हाडच्या मातीतून निघालेले काही तांब्याचे पत्रे आणि पोटीनची नाणी आहेत, ही गोष्ट मात्र त्या याद्यांतून दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा विचार मुख्यतः या अंगाने केला आहे.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणातील देवगड तालुक्यात, कुवळे या गावी झाला. डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले आणि १९१९ मध्ये ते नागपूरला मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पुढाकाराने अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन रा. गो. भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. हा केवळ योगायोग असला तरी सूचक आहे. अशा परिषदांतूनच भारतीय विद्वानांना परस्परांचे संशोधन कळू लागले, आणि कोकणातून विदर्भात आलेल्या या संस्कृतज्ञाला पुढे त्याच व्यासपीठाने अखिल भारतीय कीर्ती दिली.

मिराशी मूळचे इतिहासकार नव्हेत, ते काव्यशास्त्राचे आणि नाटकाचे अध्यापक होते. त्यांना लेखांकडे वळविण्यात रायबहादुर हिरालाल यांचा वाटा मोठा मानला पाहिजे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची हिरालालांनी तयार केली होती. प्राच्यविद्या परिषदेच्या १९३० च्या पाटणा अधिवेशनाचे अध्यक्षपद या निवृत्त प्रशासकाला मिळाले, यावरून त्या काळची विद्वत्ता केवळ विद्यापीठांच्या आवारात नांदत नव्हती हे ध्यानात येते. १९३४ मध्ये हिरालाल निवर्तले. त्याच वर्षी मिराशींचा 'कालिदास' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दशकात मिराशींचे लेखन उत्तरोत्तर लेख आणि नाणी यांकडे झुकत गेले.

१९३९ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण होय. वाशिमचा ताम्रपट मिळाला त्याच वर्षी तत्कालीन अकोला जिल्ह्याच्या मंगरूळ तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या सुमारे १६०० पोटीन नाण्यांचा साठा सापडला. (१९९८ पासून वाशीम आणि मंगरूळपीर दोन्ही वाशीम जिल्ह्यात मोडतात. जुने लेख वाचताना विद्यार्थ्यांचा येथे गोंधळ होतो म्हणून हे सांगितले.) पोटीन हा तांबे, कथील, शिसे यांचा हलका मिश्रधातू. अशी नाणी झिजलेली असतात आणि त्यांवरील अक्षरे पुष्कळदा नाण्याच्या कडेबाहेर गेलेली असतात. एकेका नाण्यावर चार-पाच अक्षरे मिळाली तरी पुष्कळ. मिराशींनी ही तुटकी अक्षरे एकमेकांशी जुळवून राजांची नावे निश्चित केली आणि भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात, १९४० मध्ये, हा साठा प्रसिद्ध केला. पुराणांतील याद्यांत न आढळणारे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी हे राजे या साठ्यामुळे ज्ञात झाले. विजय सातकर्णीचे पुराणांतील नाव नाण्यांनी खरे ठरविले. पुराणे सर्वस्वी विश्वसनीय नाहीत आणि सर्वस्वी त्याज्यही नाहीत, हा विवेक मिराशींच्या पुढील सर्व लेखनात आढळतो. त्याचा पाया तऱ्हाळ्याच्या नाण्यांत असावा, असे आम्हांस वाटते.

वाशिमच्या ताम्रपटाचे महत्त्व याहून अधिक होते आणि मराठीच्या अभ्यासकास तर ते विशेष आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा थोर संशोधकांनी तो वाचला होता. परंतु लेख जागोजागी झिजलेला असल्यामुळे त्यातील मधली नावे चुकीची लावली गेली, आणि वाकाटकांची एकच सरळ वंशपरंपरा आहे अशी समजूत रूढ झाली. वाशिमच्या ताम्रपटात पहिल्या प्रवरसेनानंतर सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट मिळाला. हा पुरावा हाती आल्यावर मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला. जुन्या वाचकांना न लागलेले सर्वसेनाचे नाव त्यांना तेथे आढळले. हा सुधारलेला पाठ हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्वमालेत १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा ही स्वतंत्र राजशाखा म्हणून तेव्हापासून इतिहासात आली.

वत्सगुल्म हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नव्हते. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावला आहे, आणि 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीला वच्छोमी असे नाव दिले आहे. 'हरिविजय' या लुप्त प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हा अलंकारशास्त्रकारांच्या उल्लेखांतूनच ओळखीचा होता. हा कवी आणि ताम्रपटातील राजा एकच, हे मिराशींनी साधार मांडले. काव्यशास्त्रात केवळ संकेतासारखे वाटणारे एक नगर अशा रीतीने वाशीम या गावी येऊन स्थिरावले. केवळ लिपिज्ञ असलेल्याला वच्छोमी आठवली नसती, आणि केवळ काव्यज्ञाला अजिंठ्याची भिंत वाचता आली नसती. दोन विद्यांचा असा संयोग एका व्यक्तीत क्वचित होतो.

अमरावतीशी मिराशींचा संबंध प्राचार्य या नात्याने आला. नागपूरला विभागप्रमुख आणि प्राचार्य राहिल्यावर चाळीसच्या दशकात त्यांनी अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. किंग एडवर्ड कॉलेज म्हणून १९२३ मध्ये सुरू झालेली ही संस्था पुढे विदर्भ महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाली. अमरावती जिल्हा हा वाकाटकांच्या अभ्यासकाला परका नव्हे. अचलपूरजवळच्या चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट फ्लीटने १८८८ मध्येच प्रसिद्ध केला होता. भोजकट राज्यातील चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. महानुभावांमुळे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या ऋद्धपूर येथे प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट मिळाला होता. ज्या गावी गोविंदप्रभू वावरले, त्याच गावाने सुमारे आठ शतके आधीच्या एका राजमातेचे शासन जपून ठेवले होते. येथे एक खुलासा करावयास हवा. वाकाटक हे नाव अमरावतीच्या एका शिलालेखात येते असे ग्रंथांतून वाचल्यावर वऱ्हाडातील वाचकास आनंद होतो, पण ती अमरावती आंध्रातील होय. त्या लेखातील वाकाटक नावाच्या गृहस्थाचा आधार घेऊन मिराशींनी हा वंश मूळचा दक्षिणेतील असल्याचे प्रतिपादन केले. जायसवालांचा कल बुंदेलखंडाकडे होता. हा वाद अजूनही पूर्णपणे मिटलेला नाही.

मिराशींच्या मानसन्मानांचे स्वरूपही त्या काळाचे द्योतक आहे. १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली. परकीय सत्तेने देशी पांडित्याला देशीच नाव देऊन गौरविण्याची ती रीत होती. पदवी टिकली, सत्ता गेली. १९५९ मध्ये भुवनेश्वर येथील प्राच्यविद्या परिषदेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, आणि १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोठा सन्मान वेगळाच आहे. 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम' या मालेचे लागोपाठ तीन खंड त्यांच्या नावावर आहेत. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा चौथा खंड दोन भागांत १९५५ मध्ये, वाकाटकांचा पाचवा १९६३ मध्ये आणि शिलाहारांचा सहावा १९७७ मध्ये निघाला. याच मालेत अशोकाचे लेख हुल्ट्शने, खरोष्ठी लेख कोनोने आणि गुप्तांचे फ्लीटने संपादिले होते. त्या पंक्तीत बसण्याचा मान कोणत्याही समारंभात दिला जात नाही. त्यासाठी कित्येक वर्षे ठसे भिंगाखाली धरावे लागतात. अधिवेशनाचे प्रमाणपत्र ही ज्यांच्या पदोन्नतीची गरज होऊन बसली आहे, त्या आपल्या पिढीने हा फरक ध्यानात घ्यावा.

पण या लेखाचा खरा मुद्दा पुढेच आहे. मिराशींची अखिल भारतीय प्रतिष्ठा इंग्रजी लेखनावर उभी राहिली, हे निर्विवाद. परिषदांची भाषा इंग्रजी, नियतकालिकांची इंग्रजी, खंडांचीही इंग्रजीच. असे असता त्यांच्या ग्रंथांचे सनावळीने निरीक्षण केले तर काय दिसते? 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' हा मराठी ग्रंथ नागपूर विद्यापीठाने १९५७ मध्ये प्रकाशित केला. इंग्रजी खंड त्यानंतर सहा वर्षांनी आला. शिलाहारांवरील मराठी ग्रंथ १९७४ चा, इंग्रजी खंड १९७७ चा. भवभूतीवरील मराठी ग्रंथ १९६८ मध्ये आणि इंग्रजी १९७४ मध्ये. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील मराठी ग्रंथ १९७९ मध्ये निघाला, त्याचा इंग्रजी अवतार १९८१ मध्ये. हा क्रम सहज घडलेला मानता येत नाही. अखिल भारतीय विद्वानांनी ज्याची वाट पाहावी असे संशोधन मराठी वाचकाच्या हाती आधी पडले. 'संशोधनमुक्तावली'चे सर एकामागून एक निघाले तेही याच वृत्तीने. ताम्रपटाचा पाठ, स्थलनामांची निश्चिती, प्रतिपक्षाचे खंडन हे सारे त्यांत मराठीत आहे, आणि ते सुलभीकरण नव्हे. नंदिकट म्हणजे नांदेड, वत्सगुल्म म्हणजे वाशीम, अशी समीकरणे मराठीत मांडली की त्या गावचा माणूसही त्यांवर मत देऊ शकतो. इंग्रजी पुस्तकाला असा परीक्षक मिळत नाही.

मराठी साहित्याच्या इतिहासांनी मात्र या गद्याची यथायोग्य दखल घेतलेली नाही. मिराशींची शैली रुक्ष आहे, हे मान्य. त्यांची वाक्ये न्यायालयातील युक्तिवादाप्रमाणे पुरावा, आक्षेप, निरसन या क्रमाने चालतात. परंतु मराठीत शास्त्रीय निबंधाची जी परंपरा आहे तिच्यात राजवाड्यांच्या आवेशाबरोबर मिराशींच्या संयमालाही स्थान असावयास हवे.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचा इतिहास मुख्यत्वे राजवंशांचा आहे. दान घेणारा ब्राह्मण त्यांच्या लेखनात दिसतो, दान दिलेल्या गावातील शेतकरी फारसा दिसत नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, हा त्यांचा निष्कर्ष दीर्घकाळ मान्य होता. पुढे रामटेकजवळ मनसर येथील उत्खननाने त्यास गंभीर आव्हान मिळाले. 'दशकुमारचरिता'तील विश्रुताच्या कथेत वाकाटकांच्या ऱ्हासाचे प्रतिबिंब आहे हे त्यांचे मत वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या कालगणनेसाठी स्वीकारले, तर इतर काहींना कथेवर इतका भार टाकणे मान्य झाले नाही.

वाकाटकांचा खंड १९६३ मध्ये निघाल्यानंतर थोड्याच काळात वाशीमजवळच हिस्से-बोराळा येथे देवसेनाच्या काळचा शिलालेख पुढे आला. त्यात सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख असून शके ३८० हे वर्ष वाचले गेले आहे. सत्तरीत पोचलेल्या मिराशींना ज्या शाखेची वंशावळ आपण जुळविली तिचाच कालनिर्देश नव्या पुराव्याशी पुन्हा ताडून पाहावा लागला. त्यानंतर मांढळचे ताम्रपट मिळाले, आणि नागपूर विद्यापीठातील अजय मित्र शास्त्री यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या संशोधकांनी वाकाटकांची चर्चा पुढे नेली. मिराशी ३ एप्रिल १९८५ रोजी निवर्तले. सातवाहनांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, आणि त्या ग्रंथाच्या आधारसामग्रीत तऱ्हाळ्याची ती १६०० नाणी होतीच.